तंबाखू सुटली तर देशाचं दिवाळं निघतं का?

ताळेबंद

तंबाखूवर कर वाढवायची गोष्ट निघाली की एक वाक्य हमखास कानावर येतं. "सगळ्यांनी सोडली तर तिजोरी कोण भरणार, आणि त्या लाखो लोकांच्या पोटाचं काय?" बोलणारा बहुतेक वेळा स्वतः ओढणारा नसतो, चांगला चार पुस्तकं वाचलेला माणूस असतो. प्रश्नही वेडगळ नाही. म्हणून हा धागा.

आरोग्याची बाजू मुद्दाम बाजूला ठेवतोय. तंबाखूने माणसं मरतात यावर इथे कुणाचं दुमत नसावं. प्रश्न निव्वळ जमाखर्चाचा आहे, आणि तोही विकसनशील देशांपुरता. श्रीमंत देशात कारखाना बंद पडला तर कामगाराला बेकारभत्ता, प्रशिक्षण, दुसरं काम असं काहीतरी मिळतं. जिथे यातलं काहीच नाही, तिथे काय होतं?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं. बहुतेक देशांना एकूणात तोटा होत नाही, झाला तर थोडा फायदाच होतो. पण हा फायदा सगळीकडे पातळ पसरतो आणि उशिरा पोचतो. तोटा मात्र ठरावीक जिल्ह्यांत, ठरावीक घरांवर, एखाद्या हंगामात येऊन आदळतो. ज्यांचं जातं ते ओरडतात, आणि ज्यांना मिळतं त्यांना मिळाल्याचा पत्तासुद्धा नसतो.

एक साधी गोष्ट या चर्चेत नेहमी सुटते. ज्या घराने तंबाखू सोडली त्या घराने ते पैसे चुलीत घातलेले नाहीत. ते कपडालत्ता, फी, घरभाडं, औषधं यांवर गेले. त्या वस्तू कुणीतरी बनवतं, कुणीतरी वाहून आणतं. मग विचारायचं ते एवढंच, की तेवढ्याच पैशांत तंबाखूच्या धंद्यात जास्त हातांना काम मिळतं की दुसरीकडे? सिगारेटपुरतं उत्तर सरळ आहे. आजचं यंत्र मिनिटाला दहा हजारांहून जास्त सिगारेटी फेकतं, आणि त्याच्यापाशी उभी असतात मोजकी माणसं. पाकिटाच्या किमतीत कर आणि नफा यांचाच वाटा मोठा, मजुरीचा नखभर.

जागतिक बँकेने १९९९ साली तंबाखूच्या अर्थकारणावर मोठा अहवाल काढला होता. वेगवेगळ्या देशांचे हिशेब मांडून निष्कर्ष असा निघाला, की बहुतेक देशांत खप घटला तरी एकूण रोजगार घटत नाही, काही ठिकाणी वाढतो. बांगलादेशाचं उदाहरण त्यात ठळक होतं. लोकांनी तोच पैसा इतर मालावर खर्च केला तर रोजगार बराच वाढेल, असा तिथला हिशेब होता. अपवादही अहवालानेच सांगितले: मलावी, झिंबाब्वे यांच्यासारखे देश, जिथली निर्यातच तंबाखूच्या पानावर उभी आहे.

आता बोला.

रोखठोक

बोलतो की. रोजगाराचे हिशेब कागदावर कुणीही जुळवून दाखवतं. आधी तिजोरीचं सांगा. गरीब देशात आयकर भरणारे किती? तिजोरी भरते ती दारू, तंबाखू आणि इंधनावर. त्यातला एक खांब काढून घ्यायचा आणि वर म्हणायचं, छत पडणार नाही?

वाटसरू

वाचतोय. रोखठोक काका आले म्हणजे धागा शंभरी गाठणार.

निशिगंधा

@रोखठोक, खांब काढायचाच नाहीये. उलट तोच जास्त जाड करायचा आहे.

तंबाखूची गंमत अशी की किंमत वाढली तर खप घटतो, पण किंमत वाढते त्या मानाने कमीच घटतो. व्यसनच ते. जागतिक बँकेच्या त्या जुन्या अहवालात अंदाज होता की किंमत १० टक्के वाढली तर श्रीमंत देशांत खप साधारण ४ टक्के आणि गरीब देशांत ८ टक्के घटतो. नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत गरीब देशांचा आकडा ५ टक्क्यांच्या आसपास येतो. आता पाटीवर मांडून बघा. पाकिटाची किंमत १००, त्यात कर ५०. शंभर पाकिटं खपतात, म्हणजे महसूल ५,०००. कर १० ने वाढवला आणि तो सगळा गिऱ्हाइकावर पडला. किंमत ११०, कर ६०. खप ५ टक्के घटून ९५ पाकिटं. महसूल ५,७००. बरं, जुना ८ टक्क्यांचा आकडा धरा. ९२ गुणिले ६०, म्हणजे ५,५२०. तरीही जास्तच.

हे फक्त पाटीवरचं नाही. दक्षिण आफ्रिकेने १९९० च्या दशकात कर सतत चढवत नेला. सिगारेटचा खप सुमारे एक तृतीयांशाने उतरला, आणि महागाई वजा करूनही महसूल वाढला. फिलिपिन्सने डिसेंबर २०१२ मध्ये 'पापकरा'चा कायदा केला, दारू आणि तंबाखू दोन्हींवर. तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचं प्रमाण २००९ साली २९.७ टक्के होतं, ते २०१५ मध्ये २३.८ टक्क्यांवर आलं. जादा महसुलातून गरीब कुटुंबांचे आरोग्य विम्याचे हप्ते सरकारने भरले.

सगळ्यांनी एका रात्रीत सोडली तर महसूल शून्य होईल हे खरं. पण तसं कधी झालंय? कर वाढवत नेणाऱ्या सरकारला पुढची कितीतरी वर्षं जास्तच पैसा मिळतो, आणि तेवढ्या वेळात दुसरे कर उभे करता येतात. करायची इच्छा असेल तर.

रोखठोक

गणित मान्य. पण तुमच्या पाटीवर तस्कर कुठे आहे? भूतानने २००४ मध्ये विक्रीच बंद केली. काय झालं? सीमेपलीकडून माल येतच राहिला. शेवटी २०२१ मध्ये त्यांना विक्री पुन्हा खुली करावी लागली. तुमच्या लाडक्या दक्षिण आफ्रिकेने २०२० च्या टाळेबंदीत मार्चअखेरीपासून ऑगस्टपर्यंत सिगारेटविक्री बंद ठेवली. ओढणारे ओढतच राहिले, फक्त चोरबाजारातून, कितीतरी चढ्या भावाने. सरकारला त्यावर दमडी मिळाली नाही.

निशिगंधा

काका, ही दोन्ही उदाहरणं बंदीची आहेत, कराची नाहीत. बंदीत सरकार महसूल सोडून देतं आणि धंदा चोराच्या हाती देतं. इथे बंदी कुणी मागितलेली नाही.

करवाढीमुळे तस्करी वाढते हा कंपन्यांचा आवडता मुद्दा. थोडीफार वाढते, नाही म्हणत नाही. पण कर कमी असलेल्या कितीतरी देशांत तस्करी जोरात आहे आणि कर जबर असलेल्या कितीतरी देशांत नाममात्र. फरक पडतो तो सीमेवरच्या आणि कारखान्याच्या दारातल्या नजरेचा. केनियाने २०१३ पासून पाकिटांवर माग काढता येईल असे शिक्के लावले, त्यानंतर चोरटा माल घटला. पाकिस्तानने नेमकं उलट केलं. तस्करीची ओरड ऐकून २०१७ मध्ये स्वस्त सिगारेटींसाठी कराचा वेगळा, खालचा टप्पा काढला. बड्या कंपन्यांचेच ब्रँड त्या टप्प्यात उतरले आणि माल स्वस्त झाला. दोन वर्षांत तो टप्पा गुंडाळावा लागला.

स्टेथो

डॉक्टरला आरोग्याबद्दल बोलू नका म्हणालात, तर पैशांबद्दलच बोलतो.

२००१ साली फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने चेक प्रजासत्ताकासाठी एका सल्लागार कंपनीकडून हिशेब करून घेतला होता. निष्कर्ष असा, की १९९९ मध्ये धूम्रपानामुळे सरकारला निव्वळ फायदा झाला, आणि त्या फायद्यात माणसं लवकर मेल्यामुळे वाचलेलं पेन्शन, घरं आणि उपचार हे सगळं धरलं होतं. जगभर छी-थू झाली, कंपनीला माफी मागावी लागली. पण हा युक्तिवाद मेलेला नाही. दबक्या आवाजात आजही ऐकू येतो.

गरीब देशात तो हिशेब म्हणूनसुद्धा टिकत नाही. पेन्शन वाचायला आधी ते असावं लागतं. ज्या देशात बहुसंख्य लोक असंघटित क्षेत्रात आहेत, तिथे म्हाताऱ्याला पोसतो त्याचा मुलगा. आणि तंबाखूने मरणारे सगळे काही सत्तरीचे नसतात. चाळिशी-पन्नाशीतला हृदयविकाराचा झटका, तोंडाचा कर्करोग, धूम्रपानाने बळावलेला क्षयरोग, यात जातो तो घरातला कमावता माणूस. पेन्शन वाचत नाही, पगार बुडतो.

भारताचा एक अंदाज आहे: २०१७-१८ मध्ये ३५ वर्षांवरच्या लोकांतल्या तंबाखूजन्य आजार-मृत्यूंचा आर्थिक भार १,७७,३४१ कोटी रुपये, म्हणजे जीडीपीच्या १.०४ टक्के. त्यात दवाखाना, औषधं, येण्याजाण्याचा खर्च आहे, पण मोठा हिस्सा बुडालेल्या कमाईचा. जगाचा २०१२ चा अंदाज जीडीपीच्या १.८ टक्के होता, आणि त्यातला सुमारे ४० टक्के भार विकसनशील देशांवर.

बाप अंथरुणाला खिळला म्हणून शाळा सुटलेली मुलगी यातल्या कुठल्याच रकान्यात नाही. ती धरायची कशी हे मला माहीत नाही, पण धरायला हवी.

रोखठोक

डॉक्टरसाहेब, आकडा मोठा आहे, पण एक लबाडी तुमच्या बाजूचे लोकही करतात. हा भार एका पारड्यात, तंबाखूचा महसूल दुसऱ्या पारड्यात, आणि मग "बघा, सरकार किती तोट्यात!" अहो, तो भार सरकारवर नाहीच. बुडालेली मजुरी घराची, दवाखान्याचं बिल घराचं, कर्ज सावकाराचं. महसूल मात्र थेट सरकारजमा. वित्तमंत्र्याच्या वहीत तंबाखू फायद्याचीच दिसते. म्हणून तर ती हलत नाही.

ताळेबंद

@रोखठोक, हा प्रतिसाद सोन्याच्या मोलाचा. देशाचा हिशेब आणि सरकारचा हिशेब एक नाही. निशिगंधाताईंची पाटी म्हणूनच महत्त्वाची आहे. तिथे दोन्ही हिशेब एका दिशेला जातात, महसूलही वाढतो आणि घरांवरचा भारही घटतो. अशी धोरणं फार थोडी.

वाटसरू

पण कर तर गरिबावरच बसणार ना? साहेब लोकांना काय फरक पडतो. रोजंदारीवाल्याच्या खिशाला तेवढंच भोक.

निशिगंधा

अर्धं बरोबर आहे. कमाईच्या प्रमाणात बघितलं तर तंबाखूचा कर गरिबाला जास्त जड जातो. पण किंमत वाढली की जास्त प्रमाणात सोडतो तोही गरीबच, आणि त्याहून जास्त तरुण मुलं, ज्यांची सवय अजून पक्की झालेली नसते. त्यामुळे *वाढलेल्या* कराचा बोजा तुलनेने वरच्या वर्गाकडे सरकतो. २००१ साली बांगलादेशातल्या एका अभ्यासाने मांडलं होतं, की गरिबांचा तंबाखूवरचा पैसा अन्नाकडे वळला तर एक कोटीहून जास्त लोकांना पुरेसं खायला मिळेल.

जो सोडत नाही, त्याचं घर मात्र आणखी पिळलं जातं. याला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. सोडायला मदत करणारी केंद्रं फुकट आणि जवळ हवीत. बहुतेक देश कर घेतात आणि ही केंद्रं काढायचं विसरतात.

पाटपाणी

इतका वेळ तिजोरी आणि दवाखाना चाललंय. शेतकरी कुठाय? शेतीखात्यात आयुष्य गेलं, म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

भट्टीत पिकवायच्या तंबाखूचं एक चक्र बघा. आधी रोपवाटिका. बी इतकं बारीक की चिमटीत हजारो येतात. मग लावणी, खत, फवारणी. झाड फुलावर आलं की शेंडा खुडायचा, म्हणजे जोर पानात उतरतो. शेंडा खुडला की बगलेतून फुटवे येतात, ते पुन्हा पुन्हा काढायचे. पानं एकदम कापायची नसतात, खालून पिकतील तशी दोन-दोन, तीन-तीन काढत वर जायचं. तीही पहाटेच्या दवात हाताळली तर ओल्या पानातलं निकोटीन कातडीतून अंगात जातं, मळमळ, उलट्या, चक्कर. मग पानं काठीला बांधून भट्टीत टांगायची, आणि पाच-सात दिवस, रात्रंदिवस, आच ठरल्याप्रमाणे चढवत न्यायची. रात्री डुलकी लागली आणि आच चढली, तर भट्टीभर पानं काळी. सरपण किती जातं विचारू नका. टांझानिया, मलावी, झिंबाब्वेकडची जंगलं या भट्ट्यांनी खाल्लीत. नंतर पानांची प्रतवारी, गठ्ठे, आणि मग बाजार.

यातले निम्म्याहून जास्त हात घरचे असतात. बायको, म्हातारी आई, पोरं. त्यांची मजुरी कुणीच लिहीत नाही. केनिया, मलावी, झांबिया, इंडोनेशिया इथे संशोधकांनी घरच्या मजुरीची किंमत धरून हिशेब मांडले, तेव्हा तंबाखू लावणारे कितीतरी शेतकरी चक्क तोट्यात निघाले. घरचे हात फुकट धरले तर नफा, मजुरी लावली तर खड्डा. मलावीत तर २०१९ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने तिथली तंबाखू अडवली होती, सक्तीची आणि बालमजुरी आहे म्हणून.

आता खरी गोम. एवढं असून शेतकरी लावतो का? अडाणी आहे म्हणून नाही. उचल मिळते म्हणून. करारवाली कंपनी हंगामाआधी बी देते, खत देते, औषध देते, कधी घरखर्चाला रोख देते, आणि हंगामाअखेर सगळा माल उचलते. हमी पक्की. पानाची प्रत मात्र ठरवतो खरेदीदार. तुम्ही पहिल्या प्रतीचं म्हणून नेलेलं पान त्याच्या लेखी तिसऱ्या प्रतीचं. उचल कापून जे हातात येतं त्यात पुढचा हंगाम निघत नाही, म्हणून पुन्हा उचल. गोल फिरत राहायचं.

तेव्हा "दुसरं पीक घ्या" असं भाषण ठोकून काही होत नाही. दुसऱ्या पिकाला उचल कोण देतो ते बोला.

मुनीमजी

पाटपाणी, _/\_. बँकेत पीककर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली, तुमचं शेवटचं वाक्य फ्रेम करून लावावं असं आहे. तंबाखूची कंपनी खरेदीदार कमी आणि सावकार जास्त असते.

झिंबाब्वे बघा. सरकारने मोठे मळे काढून घेतले, त्या उलथापालथीनंतर २००८ साली तिथलं उत्पादन पाच कोटी किलोच्याही खाली गेलं होतं. २०२३ साली ते २९ कोटी किलोंच्या पुढे गेलं. मोठे मळे गेले आणि छोटे शेतकरी आले, तरीही. कारण करार शेती, आणि तिच्यामागे बाहेरून आलेला पैसा. खरेदीदारांत चीन मोठा. पण कर्ज बाहेरचं म्हटल्यावर निर्यातीचे डॉलर आले की त्यातला मोठा भाग कर्ज आणि खताऔषधांच्या आयातीपोटी परत जातो. "तंबाखूने एवढं परकीय चलन मिळवलं" हा आकडा वर्तमानपत्रात येतो, परत किती गेलं तो येत नाही.

रोखठोक

म्हणजे शेवटी माझंच खरं. मलावीच्या निर्यातीतला निम्म्याच्या आसपास पैसा तंबाखूचा. लोकांनी ओढणं सोडलं तर मलावी बुडाला.

ताळेबंद

कुठल्या लोकांनी? मलावीच्या लोकांनी सोडलं तर मलावीच्या निर्यातीला काडीचा फरक पडत नाही. पान जातं बाहेर. तिथल्या शेतकऱ्याचं नशीब मलावीच्या तंबाखूकायद्यावर ठरत नाही, जगाच्या खपावर ठरतं.

ब्राझील बघा. १९८९ साली तिथले ३४.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत, २०१३ मध्ये १४.७ टक्के. निम्म्याहून जास्त घट. आणि याच काळात, १९९० च्या दशकापासून, ब्राझील जगातला सगळ्यात मोठा पाननिर्यातदार. घरच्या लोकांना वाचवलं, शेतकरीही बुडाला नाही. उलट पुढची पडझड ओळखून २००५ मध्येच तंबाखू पट्ट्यात इतर पिकांचा सरकारी कार्यक्रम सुरू केला.

आणि जगाचा खप कोसळत नाहीये, घसरतोय. जागतिक आरोग्य संघटनेच्या (डब्ल्यूएचओ) हिशेबाने २०२२ साली जगात तंबाखू वापरणारे सुमारे १२५ कोटी होते. टक्केवारी घटते पण लोकसंख्या वाढते, त्यामुळे माणसांचा आकडा कासवाच्या चालीने उतरतो. आज तंबाखू लावणाऱ्या शेतकऱ्याच्या हयातीत गिऱ्हाईक संपणार नाही. प्रश्न त्याच्या मुलाचा आहे, आणि त्यासाठी वीस-तीस वर्षं हातात आहेत.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मलावी-झिंबाब्वे हे मोजके देश. कितीतरी गरीब देश पान किंवा तयार सिगारेटी आयात करतात. त्यांचं परकीय चलन खप घटल्याने *वाचतं*.

निशिगंधा

+१. आणि रोजगार गेल्याचं खापर तंबाखूविरोधी धोरणावर फोडण्याआधी यंत्रांकडे बघा. इंडोनेशियात लवंगमिश्रित सिगारेटी, क्रेटेक, पूर्वी हाताने वळत. १९७० च्या दशकात यंत्रं आली, आणि आज बहुतांश माल यंत्रावर निघतो. त्या काळात तिथला खप वाढतच गेला होता! तुर्कस्तानात 'टेकेल' या सरकारी कंपनीचा सिगारेट विभाग २००८ मध्ये विकला गेला, मग गोदामं बंद झाली आणि २००९-१० च्या कडाक्याच्या थंडीत कामगार अंकारात ७८ दिवस तंबू ठोकून बसले. तिथे माणसं ओढायची थांबली म्हणून हे झालं नाही. खासगीकरणाने झालं.

इंदुमती

सिगारेट-सिगारेट चाललंय. विडीबद्दल कुणीच बोलत नाही, म्हणून लिहिते. विडी कामगार बायकांच्या संघटनेबरोबर काम केलंय.

ताळेबंद, तुमचं "यंत्रापाशी मोजकी माणसं" हे गणित विडीला लागू नाही. विडी हातानेच होते. तेंदूचं पान भिजवायचं, साच्यावर कापायचं, जर्दा भरून वळायचं, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा. हजारावर मजुरी. कंत्राटदार पानं आणि जर्दा मोजून देतो, आणि तयार विडीतून वाकडीतिकडी म्हणून ढीगभर बाजूला काढतो. त्या काढलेल्या विडीची मजुरी नाही, पण विडी ठेवून घेतो तोच. पान कमी पडलं तर बाईने पदरचं आणायचं. काम घरात, त्यामुळे जर्द्याची धूळ तान्ह्या पोराच्या नाकात.

तेव्हा रुपयामागे हात जास्त लागतात हे खरं, पण हातावर टेकवतात काय तेही बघा. इतके हात लागतात कारण ते स्वस्त आहेत. विडी महाग झाली आणि खप घटला तर पहिला फटका या बायकांना बसणार, यात शंका नाही. "इतर क्षेत्रांत रोजगार वाढेल" ते खरंही असेल, पण तो रोजगार घरबसल्या, लहान मूल मांडीवर घेऊन करता येईल असा आणि याच वस्तीत मिळेल याची हमी कोण देतं? पन्नाशीची बाई, आयुष्यभर विडी वळलेली, डोळे अधू झालेली, तिला कापडाच्या कारखान्यात कोण घेतं?

भारतात १९७६ च्या कायद्याने विडीवर उपकर बसवून कामगार कल्याण निधी काढला होता. दवाखाने, मुलांना शिष्यवृत्ती, घरं. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकरच गेला. विडीचा पैसा विडीवालीसाठी, ही थेट तार तुटली. खप घटल्यामुळे नव्हे, करसुधारणेच्या नावाखाली.

करवाढीला माझा विरोध नाही. पण वाढलेल्या करातला हिस्सा या बायकांच्या नावाने बांधलेला नसेल, तर मी पाठिंबाही देणार नाही.

स्टेथो

इंदुमतीताई, पटलं.

ताळेबंद

माझ्या पहिल्या पोस्टमधला "ठरावीक घरांवर आदळणारा तोटा" म्हणजे नेमकं हेच. थायलंडने २००१ मध्ये दारू-तंबाखूच्या करावर २ टक्के अधिभार लावून आरोग्यसंवर्धनाचा स्वतंत्र निधी काढला, तो दरवर्षीच्या अर्थसंकल्पातल्या मारामारीत अडकत नाही. फिलिपिन्सच्या २०१२ च्या कायद्यातही वाढीव महसुलातला १५ टक्के हिस्सा तंबाखू पिकवणाऱ्या प्रांतांसाठी राखलेला होता. तिथे शेतकऱ्यांसाठी झालं, विडीवालीसाठी का होऊ नये? तिची तर नोंदणी होते, ओळखपत्र असतं.

पाटपाणी

राखून ठेवलेला पैसा प्रांताकडे जातो आणि प्रांत त्यातून रस्ते आणि समाजमंदिरं बांधतो, हे आम्ही सगळीकडे पाहिलंय. पैसा राखणं सोपं आहे, पोचवणं कठीण. डब्ल्यूएचओच्या तंबाखू नियंत्रण करारात (२००५ पासून लागू) कलम १७ आहे, तंबाखू शेतकरी-कामगारांना पर्यायी उपजीविका द्या म्हणून. कराचं कलम ६ सरकारं आवडीने वाचतात, १७ पर्यंत कुणी पोचत नाही.

मुनीमजी

केनियात मिगोरी भागात डब्ल्यूएचओ, एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) आणि जागतिक अन्न कार्यक्रम यांनी तंबाखू सोडणाऱ्या शेतकऱ्यांसाठी प्रकल्प काढला. लोह जास्त असलेला घेवडा. त्यात मला आवडलं ते पिकाचं नाव नाही. बियाणं आणि प्रशिक्षण आधी दिलं, आणि पिकलेला माल घ्यायला अन्न कार्यक्रम स्वतः उभा राहिला. म्हणजे तंबाखू कंपनी जे करते तेच, फक्त फास न लावता. इतर बहुतेक योजना अनुदान देतात ते पीक काढल्यावर, पावत्या जोडल्यावर. तंबाखूवाला पेरणीआधी दारात येतो. त्याच्याशी स्पर्धा करायची तर पेरणीआधी जायला हवं.

रोखठोक

आणि ती पहिली उचल बुडाली तर? दुष्काळ पडला, घेवडा गेला. कंपनी पुढच्या हंगामात कापून घेते. तुमचा प्रकल्प काय करणार?

मुनीमजी

बुडणार, काही प्रमाणात नक्की बुडणार. पीककर्जात बुडीत धरूनच चालतात. तंबाखूच्या वाढीव करातला बांधलेला हिस्सा मी हमीनिधी म्हणून ठेवीन, अनुदान म्हणून वाटणार नाही. बँकेला हमी मिळाली की बँक पुढे येते. समाजमंदिर बांधता येत नाही हा जादा फायदा. इंदुमतीताईंच्या बायकांना मात्र यातून काही मिळत नाही. त्यांच्याकडे जमीन नाही, त्यांना कर्ज नकोय, त्यांना मजुरी हवीय. त्याचं गणित वेगळं बसवावं लागेल.

इंदुमती

बसवा. संघटनेने मागितलंय ते साधं आहे. विडी सोडणाऱ्या बाईला दुसरं काम शिकेपर्यंत तिच्या सध्याच्या मजुरीइतका भत्ता, आणि पंचेचाळिशीपुढच्या बाईला शिकायला न लावता सरळ पेन्शन. किती बायका, किती वर्षं, किती पैसे, हे इथे आकडे मांडणारे एवढे बसलात, तुम्हीच करा की.

ताळेबंद

करतो. निशिगंधाताई, मुनीमजी, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतोय. नोंदणीकृत कामगारांचा वयोगट मिळाला तर पेन्शनचा भाग आधी काढू. तो हिशेब सोपा आहे, आणि दरवर्षी घटत जाणारा आहे.